तुलाराम पेंटरचा हात

एकोडीच्या तुलाराम पेंटरची एकच तक्रार होती: त्याचा हात त्याचं ऐकत नसे. झाडीपट्टीतल्या नाटकांना तो पडदे रंगवून देई. महाल, जंगल, दरबार, हमरस्ता. दुपारी पोटभर भात जेवून, तंबाखू-सुपारीचा खर्रा दाढेत धरून डोळे अर्धे मिटले की कुची सुरू. विचार करून काढलेलं झाड त्याला स्वतःलाच मेलेलं वाटे. "डोस्कं झोपलं पायजे, मंग हात जागते," हे त्याचं शास्त्र.

आता डोकं झोपल्यावर हात आतलं काय उपसून काढील, याचा नेम नव्हता. जंगलातल्या वाघाला हुबेहूब सासऱ्यांच्या, लक्ष्मणरावांच्या मिशा आल्या. सासरे नेमके नाटकाला पहिल्या रांगेत. लोक एकदा वाघाकडं बघत, एकदा त्यांच्याकडं. राजाच्या घोड्याला पिंटू पानठेलेवाल्याचे दात आले, तेव्हा पिंटूनं खर्रा घोटून द्यायचंच बंद केलं. "मी कुठी काढला? हातानं काढला," असं तुलाराम शपथेवर सांगे.

गाव हसे, पण बायकोला, धुरपताला, हे फार लागे. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या मनातून वाघ निघाला, घोडा निघाला, सानगडीच्या बाजारात वांगी विकणारी जनाबाईसुद्धा दासी होऊन निघाली. धुरपता कुठंच नाही! राण्या, अप्सरा, देव्या, सगळ्यांची तोंडं तिनं निरखून पाहिली होती.

"अजी, जनाबाई तुमच्या मनात बसली, मंग मी काहून नाही?" तिनं शेवटी विचारलंच.

तुलाराम वरमला. दुसऱ्या दिवशी तिला समोर बसवून, डोळे टक्क उघडे ठेवून त्यानं राणी रंगवली. झाली भलतीच.

"कोण होय हे भवानी?"

"तूच तं होय."

"माह्यं नाक असं आहे?" म्हणून तिनं जो अबोला धरला, तो चांगला लांबला.

अशातच दिघोरीच्या नाटक मंडळाचा सेवकराम दरबाराचा पडदा घेऊन तणतणत आला आणि त्यानं तो अंगणात पसरला. "पेंटर, पाहा. सिंहासनाजवळ हे काय काढून ठेवलं? राजा गरजते, 'कोण आहे रे तिकडे!' अन् लोकं वरडते, 'महाराज, पयले जेवून घ्या!' यापरीस फ्लेक्स छापून आणला असता तं बरं झालं असतं."

तुलाराम वाकला. सिंहासनाशेजारी सोन्याच्या चौरंगावर एक ताट, त्यावर उपडं घातलेलं पितळी ताट. "मी तं रत्नाची पेटी काढत होतो," तो पुटपुटला.

अबोला विसरून धुरपताही वाकली. वरच्या ताटाच्या काठाला पोचा होता. तो पोचा तिच्या ओळखीचा होता. एकदा नवरा फार उशिरा आला, तेव्हा तिनंच ते ताट भिरकावलं होतं. त्याची वाट बघत रोज ती त्याच ताटानं त्याचं जेवण झाकून ठेवी.

ती घरात धावली आणि दुरुस्तीला आलेले जुने पडदे ओढत बाहेर घेऊन आली. वाघाच्या पायाशी झाकलेलं ताट. हमरस्त्यावरच्या ओट्यावर झाकलेलं ताट. महालाच्या पायरीवरही तेच, पोच्यासकट. ती आजवर नुसती तोंडंच तपासत आली होती. तिचे डोळे भरून आले, आणि त्या पोच्याकडं बघून हसूही आवरेना.

"पुसून टाकू का?" तुलारामनं घाबरत विचारलं.

"हात लावू नोका!" ती ओरडली.

सेवकराम रडकुंडीला आला. "अवो बाई, पण लोकं हासतीन, त्यायले मी काय सांगू?"

धुरपतानं पदर सावरला. "सांगा, राणी आत्ताच वाढून ठेवून गेली."