पोटाखालचं पोलाद

क्लेम हॅलोरन हा माझा सासरा. कुठल्याही गाडीची ओळख तो तिच्या पोटापासून करून घ्यायचा. लोक आधी बॉनेट उघडतात, रंग बघतात, सीटवर बसून बघतात. हा सरळ पाठीवर झोपून खाली सरकायचा. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या हॉल्स क्रीक गावच्या लाल धुळीत त्याचे दोन बूट तेवढे बाहेर राहायचे, आणि आतून आवाज यायचा, "अरे देवा. अरे देवा, देवा." गिऱ्हाईक तिथेच अर्धं गार.

मग तो बाहेर येऊन हात पुसत सांगायचा. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उघडं आहे, गिअरबॉक्स उघडा आहे, डिझेलची टाकी तर एखाद्या म्हाताऱ्याच्या ढेरीसारखी लोंबते आहे. दक्षिणेला वाळवंटात जायचं असेल तर एक टोकदार दगड पुरे. गिऱ्हाईक मान डोलवायचं, आणि गाडी वर्कशॉपमध्ये चढायची. चेंबरखाली पोलादी प्लेट, टाकीखाली प्लेट, दारांखाली जाड नळ्यांचे दांडे. शिवाय पोटाला बिलगून लटकवलेली पाण्याची टाकी, टायरात हवा भरायची छोटी टाकी. आमच्या वर्कशॉपातून गाडी बाहेर पडली की खालून ती वरच्यापेक्षा जास्त सजलेली असायची.

धंदा चांगला होता, पण क्लेम धंद्यासाठी हे करत नव्हता. त्याला भीती वाटायची, इतकं साधं होतं ते. कुठे कुणाची गाडी फुटली हे ऐकलं की तो गोष्ट घरी आणायचा, रात्रभर कुशी बदलायचा, आणि सकाळी त्या गोष्टीची प्लेट झालेली असायची. माझी सासू सगळ्यांना सांगते की यांनी पोरांच्या बाबागाडीलासुद्धा खालून पत्रा ठोकला होता. तो ते कधी नाकारत नाही. माझा नवरा खाणीवर कामाला असतो, त्याच्या गाडीखाली सगळं आहे. मी मात्र माझ्या जुन्या पिकअपला हात लावू दिला नाही. वर्कशॉपचे हिशेब मीच बघते, त्यामुळे माझ्याशी भांडणं त्याला परवडत नसे.

खरी पंचाईत ब्रॉनची होती. ब्रॉन ही त्याची मुलगी, माझी नणंद. वाळवंटातल्या वस्त्यांवरचे पाण्याचे पंप दुरुस्त करणं हे तिचं काम. बहुतेक वेळा एकटी जायची. ती परत आली की क्लेम आधी गाडीखाली जायचा आणि नवा ओरखडा शोधून काढायचा, आणि त्या ओरखड्यापर्यंत प्लेट वाढवायचा. वाढवत वाढवत या हिवाळ्यात त्याने एकच अखंड प्लेट केली. पुढच्या बंपरपासून गिअरबॉक्सच्या शेवटापर्यंत, बाजूंनी वर वळवलेली, परातीसारखी. मागे एकदा जुन्या प्लेटचा एक बोल्ट रस्त्यात हादऱ्याने सैल झाला होता, म्हणून या खेपेला त्याने सगळ्या नटांवर वेल्डिंगचा टाका मारला. ब्रॉनने विचारलं की मग ऑइल कसं काढू. त्याने नाइलाजाने मुठीएवढं एक भोक ठेवलं. धुवायला, साफ करायला आणखी दोन ठेव म्हणाली, तर ऐकेना. भोक दिसलं की दगड बरोबर तिथेच येतो, हे त्याचं म्हणणं.

दक्षिणेच्या एका वस्तीवरचा पंप बंद पडला आणि लोक लांबून कॅनने पाणी वाहू लागले, तेव्हा ब्रॉन घाईने निघाली. क्लेम खिडकीला धरून उभा होता. नेहमीच्या सूचना झाल्या, नेहमीसारखं तिने "ऐकलं, डॅड" म्हटलं आणि काच वर केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेस फिंच आला. हा गुरांच्या रानातली कुंपणं दुरुस्त करत फिरतो. त्याच्या गाडीखालीही क्लेमची मोठी प्लेट होती, फक्त साध्या बोल्टांची. म्हणाला, गाडीतून जळका वास येतो, आधी मला वाटलं बायकोने दिलेला डबा असेल, पण डबा संपला तरी वास आहेच. क्लेम खाली सरकला. मी काउंटरवरून "अरे देवा" ची वाट बघत होते. आवाज आला नाही.

त्याने पाना मागितला. बोल्ट निघाले, प्लेट खाली आली, आणि तिच्याबरोबर गवताची एक गादी जमिनीवर पडली. गादीच म्हणावी लागेल, इतकी दाबून बसलेली. मधोमध ती काळी पडली होती.

यंदा पाऊस भरपूर झाला होता. स्पिनिफेक्सचं काटेरी गवत रानभर कमरेएवढं वाढलं होतं, आणि त्याचे वाळलेले तुरे गाडीच्या दोन चाकांमधून घासत जात होते. त्या गवतात राळ असते, काडी ओढावी तसं पेटतं. इकडे सगळ्यांना हे ठाऊक आहे. थांबलं की लोक वाकून बघतात, तारेच्या आकड्याने सायलेन्सरभोवतीचं गवत ओढून काढतात. पण क्लेमच्या प्लेटच्या आत बघायला जागाच नव्हती. तुरे पुढून आत शिरत होते, परातीत साचत होते, आणि वर लाल होईपर्यंत तापणारा सायलेन्सरचा पाइप होता.

डेस म्हणाला, हात्तिच्या, एवढंच ना. क्लेम तेलाच्या उलट्या पिंपावर बसला. "ब्रॉनच्या प्लेटला टाके मारलेत," एवढंच म्हणाला.

फोन तिकडे लागत नाही. संध्याकाळची रेडिओवरची हजेरी हाच एक मार्ग. वाळवंटात जे कुणी असतील ते थांबतात, झाडावर एरियलची तार टाकतात, आणि मोयरा नावाची बाई केंद्रावरून एकेकाचं नाव घेऊन खुशाली विचारते. एक बोलतो ते सगळे ऐकतात. म्हणूनच क्लेम रेडिओवर कधी बोलत नसे. त्या दिवशी तो हजेरीच्या कितीतरी आधी काउंटरवरच्या सेटसमोर येऊन बसला. मी चहा ठेवला, त्याला साय धरली. मोयराने नावं घ्यायला सुरुवात केली. ब्रॉन शेवटाकडे होती. तिचा आवाज आला तेव्हा क्लेमने माझ्या हातातून माइक ओढलाच.

"ब्रॉन, डॅड बोलतोय. ती मोठी प्लेट काढ. छिन्नीने टाके तोडून काढ."

बराच वेळ खरखर. मग तिचं हसणं. "डॅड, परवापर्यंत ही प्लेट नसेल तर मी मेले होते. आता असेल तर मेले?"

वाळवंटात कुठेतरी कुणीतरी खिदळलं. एक म्हातारा आवाज म्हणाला, काढ गं पोरी, बापाला तेवढीच झोप लागेल. दुसऱ्या एकाला जोर आला.

"क्लेम, लेका, माझ्याही गाडीखाली तुझीच आहे. मी पण काढू का?"

"हो," क्लेम म्हणाला. "तूही काढ. आत्ता."

हसणं जरा ओसरलं. क्लेमने डेसच्या गाडीतून काय निघालं ते सांगितलं, पण तो बोलताना अडखळत होता, आणि अडखळत तो नेहमीच बोलायचा. ब्रॉन दमलेली होती. तिच्या आवाजात कंटाळा स्पष्ट होता. म्हणाली, बघते सकाळी.

मग मोयरा मध्ये बोलली. ती सहसा मध्ये बोलत नाही.

"ब्रॉन, तुझ्या बापाला मी तुझ्या जन्माआधीपासून ओळखते. या माणसाने आयुष्यात कुणाला काही लाव म्हटलंय, बसव म्हटलंय, वाढव म्हटलंय. काढ असं मी आज पहिल्यांदा ऐकते आहे. तू उतर आणि बघ."

दार उघडल्याचा आवाज आला. आम्ही थांबलो. ब्रॉन परत आली आणि जरा चिडूनच म्हणाली की काही दिसत नाही, दिसायला तू जागाच ठेवली नाहीस. क्लेम म्हणाला, ऑइलच्या भोकातून बोट घालून बघ. पुन्हा खरखर. या वेळी ती आली तेव्हा आवाज बदललेला होता.

"गरम आहे, डॅड. गच्च भरलंय. धूर नाही. अजून नाही."

"उभी कशावर आहेस?"

"गवतात. तार बांधायला झाड हवं होतं."

क्लेमने डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच बोलत राहिला. इंजिन सुरू करायचं नाही. आधी पिण्याच्या पाण्याचे कॅन काढ आणि लांब उघड्या जमिनीवर नेऊन ठेव. मग पोटाखालच्या टाकीची नळी घे आणि भिजव, पुढून, बाजूने, जिथून शिरेल तिथून.

"आणि पेटली तर?"

"तर गाडी सोडायची. जळू दे. ऐकतेस ना? गाडी गेली तर जाऊ दे."

रेडिओ गाडीत होता, ती बाहेर. त्यामुळे आता काही कळायची सोयच नव्हती. मोयराने उरलेली नावं घेतली नाहीत. सगळं वाळवंट गप्प होतं, आणि त्या गप्पपणात किती माणसं बसली आहेत हे जाणवत होतं. क्लेम काउंटरवर चिकटलेला वेल्डिंगचा एक थेंब नखाने खरवडत होता. नख तुटलं तरी खरवडत होता. मी त्याचा हात धरला तर तो म्हणाला, अजून पाणी पडत असेल ना? टाकी मोठी बसवली होती मी. मी हो म्हटलं. मला काय माहीत?

"डॅड." ती धापा टाकत होती. "वाफ आली. खूप वाफ. आता काळं पाणी गळतंय."

कुणीतरी रेडिओवर नुसताच श्वास सोडला. क्लेमने तिला भोवतालचं गवत फावड्याने साफ करायला सांगितलं, आणि मी येईपर्यंत गाडी हलवायची नाही म्हणाला. वस्तीवर पाणी नाही, डॅड, ती म्हणाली. "म्हणूनच येतोय," तो म्हणाला.

उजाडायच्या आधी आम्ही निघालो, माझ्या पिकअपमधून, कारण गावात प्लेट नसलेली तेवढीच एक गाडी आमच्या हाताशी होती. खाली दगड लागला की क्लेम पाय वर उचलून घ्यायचा. जणू चेंबर त्याच्याच तळव्यांखाली होतं. मधूनमधून तो गाडी थांबवायला लावी आणि खाली जाऊन आकड्याने गवत ओढून काढी. परत बसताना काही बोलत नसे.

दुपार कलायच्या सुमारास दक्षिणेला धूर दिसला.

मी वेग वाढवला. वाढवू नकोस, असं तो म्हणाला नाही, आणि हे त्याच्या तोंडून न येणं मला धुराहून भीतीदायक वाटलं. धूर सरळ समोर होता. मग रस्ता वळला आणि तो डावीकडे गेला. आणखी पुढे गेलो तशी खात्री झाली की तो फार लांब, पूर्वेला आहे. कुणीतरी रान जाळत असावं. क्लेमने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि रुमाल हातातच राहू दिला.

ब्रॉनची गाडी खळ्यासारख्या साफ केलेल्या गोलात उभी होती. ती स्वतः लांब, पाण्याच्या कॅनवर बसली होती. हात काट्यांनी लालभडक. क्लेमने तिच्या खांद्याला हात लावल्यासारखं केलं आणि तसाच गाडीखाली गेला. ग्राइंडर आणला होता, पण तो गाडीतच राहिला. एक ठिणगी उडाली असती तर सगळं रान गेलं असतं. ओली पोती अंथरून त्याने हॅकसॉ आणि छिन्नीने एकेक टाका तोडायला घेतला. पाती मोडत होती. मी नवी देत होते, ब्रॉन पोत्यांवर पाणी शिंपडत होती.

"कुणी केलंय हे वेल्डिंग?" खालून आवाज आला. तो वैतागला होता.

"आहे एक गावात," ब्रॉन म्हणाली. "फार पक्कं काम करतो म्हणे."

 मग करवत पुन्हा सुरू झाली.

प्लेट पडली तेव्हा ओल्या, काळ्या गवताचा ढीग तिच्यावर होता. ब्रॉनने काठीने तो उकरला. अगदी मध्ये, पाइपच्या बरोबर खाली, मूठभर गवत कोरडंच राहिलं होतं. तिने त्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. त्याची राख झाली होती, आणि ती अजून गरम होती.

"सकाळी वाटलं होतं, विझलंय, निघावं," ती हळू म्हणाली. क्लेमने एक ओलं पोतं उचललं आणि त्या राखेवर पिळलं.

पुढे दगडांचा पट्टा होता आणि त्यापुढे वस्ती. गाडीचं पोट आता उघडं होतं, आणि लावायला आम्ही काही आणलेलं नव्हतं. ब्रॉन सीटवर बसली. क्लेम खिडकीशी गेला. दगडांबद्दल सांगायला त्याने तोंड उघडलं हे मी पाहिलं. मग म्हणाला, "थांबत जा. वाकून बघत जा." ती म्हणाली, बघीन. आणि या वेळी तिने काच वर केली नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही मुक्काम केला, पिकअपमधल्या रेडिओची तार झाडावर टाकली. त्या संध्याकाळी मोयराने ब्रॉनच्या नावाआधीच विचारलं की प्लेट किती जणांनी काढली. चार-पाच आवाज आले. एकाच्या प्लेटमधूनही गवत निघालं होतं. तो फार बोलला नाही. ब्रॉनचं नाव घेतलं तेव्हा उत्तर आलं नाही. मोयराने पुन्हा घेतलं. क्लेम उठून उभा राहिला, जणू उभं राहिल्याने लांबचं ऐकू येतं. तिसऱ्या वेळी ती आली. पोचली होती. पंप उघडला होता, वॉशर बदलला होता, पाणी सुरू झालं होतं आणि पोरं त्याखाली नाचत होती, त्यामुळे रेडिओकडे यायला उशीर झाला.

क्लेमने माइक घेतला. पाणी कसं आहे विचारलं. गोड आहे, ती म्हणाली. वस्तीतली माणसं बरी आहेत का विचारलं. बरी आहेत. त्याने माइक माझ्याकडे दिला, मग परत घेतला.

"दगड लागला का?"

"लागला. चेंबरला खड्डा पडलाय. गळत नाही."

"किती खोल?"

रेडिओवर सगळीकडून हसू फुटलं, मोयरासुद्धा हसली. ब्रॉन ते संपेपर्यंत थांबली.

"बोटभर, डॅड. झोप आता."