पाच जून की सहा मे?

बुकिंगवाल्या ताई बावीस वर्षं एकच काम करत होत्या: परदेशी जाणारा माल विमानाने धाडायचा की जहाजाने, हे ठरवायचं. विमानाला तीन-चार दिवस, जहाजाला महिना. त्या दिवशीचा माल होता नवजात बाळांच्या श्वासाच्या नळ्या, परदेशातल्या एका इस्पितळासाठी. खोकी वजनाला कापूस, पण आकाराने अवाढव्य, आणि विमानवाले जागेचेही पैसे लावतात. पत्रात लिहिलं होतं, ‘माल ५/६ पर्यंत पोचावा.’ पाच जूनला सहा आठवडे होते. ताईंनी बिनघोर जहाज लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता त्यांना पत्रातली ती तारीख पुन्हा आठवली. त्या इस्पितळाकडचे लोक तारखेत आधी महिना लिहितात, मग दिवस. म्हणजे सहा मे. हातात जेमतेम अकरा दिवस.

त्यांनी गोदामात फोन लावला.

“दादा, नळ्यांची खोकी कंटेनरमध्ये चढली का हो?”

“तुमची खोकी म्हणजे लाडोबा, ताई. जड माल खाली, हलका सगळ्यात वर. अजून बाहेरच बसलीत आरामात.”

“एकही चढवू नका. विमानाने जातील.”

मग त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं.

“बावीस वर्षांत पहिलीच चूक ना? असू दे,” साहेब म्हणाले.

“सापडलेली पहिली,” ताई म्हणाल्या. जेवण तसंच टाकून त्या समुद्रात असलेल्या प्रत्येक मालाची तारीख पुन्हा तपासायला बसल्या.