शेरडांची बाजू

साताऱ्याच्या दप्तरखान्यात ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. माणदेशातल्या मेंढपाळ घरातली, कॉलेजात इतिहास शिकवणारी. इंग्रजांच्या काळातल्या जंगल खात्याच्या कागदांत ती शेळ्यामेंढ्या शोधायची आणि वाचता वाचता मेलेल्या साहेबांशी तावातावाने भांडायची. "खोटं लिवतोय बघा ह्यो," असं मोठ्यांदा म्हणायची, की सगळे वळून बघायचे.

तिच्या गावच्या डोंगरावर चराईबंदी करायची म्हणून बैठक लागली, तेव्हा मीही तिच्याबरोबर गेलो. जंगल खात्याच्या अधिकाऱ्याने एका जुन्या इंग्रजी अहवालातलं वाक्य वाचून दाखवलं. शेळ्यांनी हा डोंगर बोडका केला, असं त्यात होतं.

ती ताडकन उठली. "साहेब, पुढचं पान वाचा. सरकारनं रेल्वेच्या रुळांखाली घालायला इथली झाडं तोडून नेली, हेही त्याच माणसानं लिहिलंय."

"त्याची आत्ता गरज नाही," म्हणत त्याने फाईल मिटली.

तेवढ्यात तिचे म्हातारे वडील हात जोडून उभे राहिले. "सायेब, मुकं जनावर हाय. चुकलं आसंल आमच्या शेरडांचं. माफी करा."

ती त्यांच्यापाशी गेली आणि सगळ्यांदेखत तिने ते जोडलेले हात सोडवले. "आबा, आपली शेरडं न्हाई चुकली. हात जोडू नका."

बंदी झालीच.

"लय बोललीस पोरी. आता त्यो सायेब डूक धरंल," परतताना आबा पुटपुटले. ती संतापाने रडत, त्यांचा हात घट्ट धरून चालत राहिली.