स्पीकरची चाचणी

माझ्या बायकोचे थोरले भाऊ मोबाइल दुरुस्त करतात. अख्खा बाजार त्यांना उस्ताद म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. निवृत्त झाल्यापासून मी रोज त्यांच्या दुकानातलं स्टूल अडवून बसतो आणि फुकटचे सल्ले देतो.

उस्तादांची एक खोड होती. नवा स्पीकर बसवला की ते गाणं लावत नसत. "गाण्यात खरखर लपते, बोलण्यात लपत नाही," म्हणायचे आणि फोनला सगळ्यात वरचा मेसेज मोठ्यानं वाचायला लावायचे. त्यातून आम्हाला कुणाकुणाची भांडणं कळली, आणि खोटं कशाला बोलू, मजाही आली.

शनिवारी दुकान गच्च भरलं होतं. पलीकडच्या शिंपीणबाईंची मुलगी फोन न्यायला आली. कॉलेजात शिकते, मोजकंच बोलते. उस्तादांनी बटण दाबलं आणि फोन खणखणीत बोलला, "सकाळी उठावंसंच वाटत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मंगळवारी चार वाजता व्हिडिओ कॉलवर बोलू. तुमची समुपदेशक."

"अहो, मलाही उठावंसं वाटत नाही, पण बायको उठवते!" मी म्हणालो आणि हसलो. मग सगळं दुकान हसलं.

पोरीनं फोन हिसकावला आणि तडक निघून गेली. तिची मैत्रीण मागे थांबली. "ते कॉलेजचं ॲप आहे, काका. तीन आठवडे धीर गोळा करून तिनं पहिल्यांदा लिहिलं होतं. आता काढूनच टाकेल."

उस्तादांनी भर दुपारी शटर ओढलं. मी खाली मान घालून त्यांच्या मागे शिंपीणबाईंच्या घरी गेलो. मला माझीच किळस येत होती.

दार तिनंच उघडलं. आई मापं घ्यायला बाहेर गेली होती. ॲप तिनं खरंच काढलं होतं.

"चुकलो, बेटा," उस्ताद म्हणाले. "परत असं कुणाच्याच फोनचं करणार नाही."

"आधी हसलं कोण?"

"मीच," उस्ताद म्हणाले.

मी ते खोटं चालू दिलं. सुटलो, असंही वाटलं. तेवढं वाटल्याची लाज अजून जात नाही.

"तुमचा आवाज मी लहानपणापासून ऐकतेय, काका. तुम्ही नव्हतात."

"मी हसलो," शेवटी मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. फोन उस्तादांपुढे धरला. "ते ॲप परत बसवून द्या. मंगळवारी चारला आई घरात असेल. तुमच्या दुकानाची मागची खोली मिळेल?"

"मिळेल की."

"पण हे तिथे नकोत."

मंगळवारी मी घरीच बसलो.