कोरडी ठेवलेली बोट

मला पाण्याची कधीच हौस नव्हती. अमरावतीच्या आमच्या राजापेठेत पाणी म्हणजे विहीर, त्यापलीकडे पाण्याशी माझा संबंध आला नाही. पोहता तेव्हाही येत नव्हतं, आजही येत नाही. तरी शेठनं एक मोटारबोट विकत घेतली आणि ती माझ्या गळ्यात मारली.

मी बडनेऱ्याला शेठच्या कापसाच्या जिनात फिटर होतो. वीस वर्षं कापसाच्या धुळीत इंजिनं खोलली, जोडली, पुन्हा खोलली. दुसरी मोठी लढाई संपल्यावर फौजेचा जुना माल मुंबईकडे लिलावात निघाला होता, तिथून शेठनं ही बोट उचलली. लाकडी, म्हातारी, पण पेट्रोलची दोन इंजिनं असलेली. होळीच्या सुमारास ती उघड्या वॅगनीतून बडनेऱ्याला उतरली तेव्हा अर्धं गाव पाहायला आलं. एका शेतकऱ्यानं तिच्याभोवती चक्कर मारून विचारलं की हिची चाकं कुठं गेली. सगळे हसले. मी हसलो नाही, कारण पुढचे चार महिने आपले कसे जाणार ते मला दिसत होतं.

शेठला पूर्णेवरचा एक घाट हवा होता. त्या घाटावर पूल नव्हता. नदीला पाणी असेतो माणसं, भाजीच्या पाट्या, बाजाराची ओझी सगळी फळ्यांच्या डोंग्यातून पलीकडे जायची. डोंगा एका म्हाताऱ्या भोयाचा, आणि घाटाचा ठेकाही त्याचाच, बापापासून चालत आलेला. तहसिलीतल्या साहेबानं शेठला शब्द दिला होता, की बोटीत मी स्वतः बसून पाहीन; नीट चालली तर घाट तुमचा, नाहीतर आहे तसं चालू द्या. म्हणजे बोट चालली की भोयाची भाकरी गेली. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही.

दिवसभर जिनातली कामं, आणि ती उरकली की बोट. अमरावतीला घरी पोचेपर्यंत अंगात जीव उरायचा नाही. बायको म्हणायची, ती बोटच घेऊन या घरी, निदान तुम्ही तरी घरी दिसाल. मी जेवता जेवता पेंगायचो. पण काम मात्र चोख केलं, ते मला कुणी नाकारू नये. दोन्ही इंजिनं नट न् नट सुटी केली. उजवं गुणाचं होतं. डावं आळशी, हजारदा हँडल मारल्यावर मेहेरबानी केल्यासारखं सुरू व्हायचं. बोटीचं लाकूड घासलं, दोन हात रोगण दिलं. टिनाच्या शेडमध्ये ठेवून वर ताडपत्री घातली, पाण्याचा थेंब लागू दिला नाही. वैशाखात त्या शेडमध्ये पत्र्याला हात लावला तर फोड यायचा. मी रोज बोटीवरून फडकं फिरवायचो आणि मनात म्हणायचो, बघा, कशी कोरडी ठणठणीत ठेवलीय.

श्रावणात नदी भरून वाहू लागली तशी बोट ट्रकवर टाकून घाटावर नेली. भोई आपला डोंगा बांधून उभा होता. काळा, वाळलेला माणूस, गुडघ्यापर्यंत धोतर. तो जवळ आला, बोटीच्या पोटावरून त्यानं हात फिरवला, फळ्यांच्या सांध्यात नख घालून पाहिलं आणि म्हणाला की ही उन्हाळाभर पाण्यात पाहिजे होती, अशी लगेच नदीत घालू नका. माझं डोकंच उठलं. चार महिने मी जी कोरडी ठेवायला मरमर मेलो, ती पाण्यात बुडवून ठेवायची? आणि हे मला सांगणार कोण, तर ज्याचा घाट जातोय तोच. मी त्याला चारचौघांत म्हटलं, तुझ्या पोटात का दुखतं ते ठाऊक आहे मला. तो आल्या पावली वळला, डोंग्याकडे परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आला. शेठनं नारळ फोडला, इंजिनांना कुंकू लावलं. बोटीत आम्ही तिघंच: साहेब, शेठ आणि मी. उजवं इंजिन पहिल्या हँडलला लागलं, डाव्यानंही त्या दिवशी फार छळलं नाही. काठावर माणसं ओरडली. बोट निघाली तेव्हा खरं सांगतो, माझी छाती फुगली. असं वाटलं की झालं एकदाचं, आता घरी जाऊन दोन दिवस झोपू.

नदीच्या मध्यावर गेलो असू, साहेबानं पाय वर उचलले. खाली पाहिलं तर त्याचे बूट पाण्यात. प्रत्येक सांध्यातून पाणी आत येत होतं, कुठं एका ठिकाणी अंगठा दाबून थांबवावं असं नाहीच. मी डबड्यानं उपसायला लागलो. तेवढ्यात पाणी डाव्या इंजिनापर्यंत चढलं आणि ते फटफट करून गप्प झालं. शेठ नेहमी म्हणायचा, दोन इंजिनं म्हणजे बिनघोर, एक बंद पडलं तर दुसरं आहेच. दुसरं होतंच. त्यानं बोट जागच्या जागी गोल फिरवायला सुरुवात केली, घाण्याच्या बैलासारखी. सुकाणूनं ती सरळ धरता येते हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शेठ देवाचं नाव घेऊ लागला.

भोई कधी निघाला ते मी पाहिलंच नाही. बांबू टेकत, वल्हं मारत तो डोंगा घेऊन आला, आधी साहेबाला घेतलं, मग शेठला, मग मला. बोटीला दोर बांधून ती हळूहळू काठाला ओढून आणली. मी डोंग्यात बसलो होतो. डोंग्याचा तळ कोरडा होता.

साहेब भला माणूस असावा. त्यानं बूट उपडे करून पाणी ओतलं आणि सांगितलं की पंधरा दिवसांनी पुन्हा येईन. तेव्हाही हेच झालं तर घाट भोयाकडेच राहील. शेठ माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला की बोट चालली नाही तर जिनात तरी तुझं काय काम. मग दोघे गेले. मी त्या भिजल्या लाकडाजवळ बसून राहिलो. इतका थकलो होतो की उठून कुठं जावं हेही सुचेना.

दुपारी भोई आला आणि शेजारी टेकला. आदल्या दिवशीच्या माझ्या बोलण्याचा त्यानं विषयही काढला नाही. मीच शेवटी विचारलं की काय करू.

"इंजिनं काढा," तो म्हणाला. "अंदर दगड भरा अन् आठ दिवस बुडवून ठेवा. लाकूड फुगते, सांधे आपोआप मिटतात. गाडीचं चाक ढिलं झालं तं नदीत नाई टाकत का तुमी?"

टाकतो, नदी नसली तर विहिरीजवळच्या हौदात. लहानपणापासून दर उन्हाळ्यात पाहिलेली गोष्ट. चाक पाण्यात टाकलं की लाकूड फुगून लोखंडी धाव घट्ट बसते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि मी चार महिने बोटीला फडकं मारत बसलो. मला माझीच लाज वाटली.

मग मी त्याला म्हटलं की बाबाजी, ही बोट चालली तर तुमचा घाट जाईल, माहीत आहे ना? नुसतं गप्प बसला असता तरी घाट तुमचाच होता.

तो उठून काठावरचे दगड पाहू लागला.

"माहीत हाय, मिस्त्री. पण उद्या हिच्यात बसतीन तं आमच्याच गावचे लोकं ना. असी बोट चालू झाली अन् मधात फुटली, तं मी काठावरून पाहात राहू का?"

आम्ही दोघांनी मिळून बोट बुडवली. इंजिनं कप्पीनं उचलून काढली, काठाच्या शांत पाण्यात बोटीत दगड भरले. आठ दिवसांनी वर काढली तर सांध्यात नखही जाईना. इंजिनं पुन्हा बसवली, आणि उरलेल्या दिवसांत त्यानं मला सुकाणू धरायला शिकवलं, पाणी कुठं खोल, खडक कुठं, तेही दाखवलं. मी आळशी इंजिनाच्या चालीनं गुणाचं इंजिन चालवायला शिकलो. साहेब आला, पलीकडे गेला, परत आला, बूट कोरडे. त्यानं शेठला विचारलं की हे जमवलं कसं. शेठ म्हणाला, आमचा मिस्त्री हुशार आहे. साहेबानं माझ्याकडे पाहिलं.

भोई दहा पावलांवर उभा होता. मी बोललो नाही. फार काही बोलायचं नव्हतं, 'हे यानं सांगितलं' एवढंच. पण मी दमलो होतो, नोकरीची भीती होती, आणि वाटलं की आता निघावं आणि झोपावं. इतक्या वर्षांत मी स्वतःला हीच कारणं देत आलोय. त्यातलं एकही मला पटलेलं नाही.

घाट शेठकडे गेला. पुढल्या वैशाखात त्यानं मला पुन्हा तिथं धाडलं, बोट उन्हाळ्यासाठी बुडवून ठेवायला. नदी आटली होती, डोहात तेवढं पाणी होतं. दगड भरायला गावातून रोजानं चार माणसं आली. त्यात तो भोई होता. दोघांनीही ओळख दाखवली. काठावर वरच्या अंगाला त्याचा डोंगा उन्हात पडला होता. जवळ जाऊन पाहिलं तर फळ्यांच्या फटीतून पलीकडची वाळू दिसत होती.

मी त्याला विचारलं की बाबाजी, डोंगा वाळून फुटला की हो. बुडवला का नाही?

त्यानं डोक्यावरची दगडांची पाटी खाली ठेवली.

"काहून बुडवू?" तो म्हणाला.

मग पाटीतला एक दगड उचलून त्यानं माझ्या हातात दिला आणि सांगितलं की टोकाला नका टाकू, मधात टाका, नाहीतर फळी दबते. मी तो शेठच्या बोटीत बरोबर मध्ये ठेवला.