कोरा उंबरठा

त्या मंगळवारी देवीसमोर हात जोडले, पण मागायला शब्दच उरले नव्हते. माझा मोठा भाऊ दूरच्या मनोरुग्णालयात होता. आता त्याला बरे वाटत होते, घरच्यांनी न्यावे असे डॉक्टर सांगत होते. पण माय तयार नव्हती. मेडशीच्या घरात ती एकटी, मी वाशीमला शाळेत शिकवते. ती दर वेळी एकच म्हणायची, "पुन्हा तसंच झालं त कोन पाहीन त्याले? मी थकली आता." तिचे काय चुकत होते? मीही थकलेच होते. घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून सगळे माझ्याकडेच बघायचे.

रुग्णालयातल्या चित्रकलेच्या सरांना रुग्णांची चित्रे त्यांच्या-त्यांच्या भागात दाखवायची होती. वाशीमला देवीच्या देवळाशेजारच्या समाजमंदिरात मी जागा मिळवली, भिंतींवर दोऱ्या बांधून चित्रे लावली. कोणी हात लावू नये, एवढे सरांनी बजावले होते. माय त्याच मंगळवारी देवीची ओटी भरायला आली होती. ओटी भरून झाल्यावर ती समाजमंदिराच्या पायरीवरच बसून राहिली. आत ये म्हटले, तर म्हणाली, "मले काय समजते त्यातलं?"

दुपारभर कोणी फिरकले नाही. दोन माणसे दारातून डोकावली.

"येड्यायचे चित्रं हायेत म्हणते."

"जाय न मंग आंदर. तुलेच ठेवून घेतीन."

हसत निघून गेली. मायने ऐकले असणार. तिने पदर पुढे ओढला. मी खुर्चीवर बसले आणि मनात देवीला म्हटले, आई, आता माझ्याच्याने होत नाही, तुला काय करायचे ते कर.

थोड्या वेळाने देवळातून परतणारी एक म्हातारी आत आली. चपला बाहेर काढलेल्या, हातात पूजेचे ताट. एकेक चित्र बघत ती दादाच्या चित्रापाशी थांबली. त्याने एका घराचे दार काढले होते. मी बघते तोवर तिने ताटात बोट बुडवले आणि चित्रातल्या उंबरठ्याला हळद-कुंकू लावायला लागली.

मी धावले. "आजी, चित्र आहे ते, हात नका लावू."

"दिसते मले, डोळे हायेत," ती शांतपणे म्हणाली. "घर त लय साजरं काढलं पोरानं. पण उंबरठा कोरा काहून? घरातलं मानूस बाहीर असलं त रोज पुजा लागते उंबरठा. त्याले वापस याले वाट दिसते."

ती निघून गेली. नाव विचारायचे मला सुचले नाही. ओल्या कुंकवाचा ओघळ कागदावर उतरत होता. तो टिपायला रुमाल काढला, तर मागून मायने माझा हात धरला. ती कधी आत आली कळलेच नाही. उंबरठ्याच्या उजव्या कोपऱ्यात दादाने उडालेला टवका काढला होता. लहानपणी त्याच्याच हातून वरवंटा पडून उडालेला. मायने त्यावर बोट ठेवले.

"हे त आपलं दार होय."

दादाला गाडीत घालून नेले, त्या दिवसापासून मायने उंबरठा पुजला नव्हता. हे दादाला कोणी सांगितले नव्हते. त्याच्याकडचा पिवळा रंग संपला असेल, असेही असू शकते. मी त्याचा कीस काढत नाही.

परतीच्या बसने मीही मायसोबत निघाले. मेडशीचा फाटा आला तशी ती उठता उठता म्हणाली, "डॉक्टर कवा सोडून राह्यले त्याले?" दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा ती उंबरठा धूत होती.

दादा आता घरी आहे. गोळ्या चालू आहेत. काही दिवस तो कोणाशी बोलत नाही, तेव्हा मायचा जीव पुन्हा घाबरतो, माझाही. थकवा गेलेला नाही. पण सगळे आपल्याच हाताने व्हायला हवे, हा हट्ट मी त्या खुर्चीवर सोडला, तो परत उचललेला नाही. सकाळी माय हळद-कुंकू लावते. दादा बाजूला उभा राहून बघतो, आणि तिचे झाले की उंबरठ्यावर पाय न देता, हळूच ओलांडून अंगणात जातो.