पेजेचा डबा

माणूस प्रेमळ होता, म्हणून तर माझा संताप अजून उतरत नाही. कामठ्याला आमच्या शेजारी राहणारे हे काका कुणाच्याही आजारपणात न बोलावता यायचे. चप्पल दाराबाहेर, टोपी हातात, आवाज इतका हळू की आपणच पुढे वाकावं. प्रत्येक सल्ल्याआधी "मी का म्हनतो" यायचं, आणि त्यानंतर दुसऱ्या कुणी काही म्हणायचं नसायचं.

वहिनीला पोटाचा कॅन्सर झाला. नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन टिकलं तरच औषधं सोसतील. अंडी, दूध, वरण, जाईल ते खाऊ घाला. मी तिच्यासाठी अंडं सोलत होतो, तेवढ्यात काका आले.

"मी का म्हनतो बाबू, अंडं कायले देऊन राहिला? तिले नाही, गाठीले चारून राहिला तू. गाठ उपाशी मारा लागते."

मी भांडलो. पण आईने अंडं उचलून नेलं. मग रोज काकांकडून पातळ पेजेचा डबा यायचा, आणि वहिनी त्यांचा मान राखून ती प्यायची. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. शेवटी डॉक्टरांनी औषध थांबवलं. गाठ होती तेवढीच होती, सोसायला अंगात ताकद उरली नव्हती.

तेरवीला तिच्या फोटोपुढचं ताट काकांनीच वाढलं. उडदाचे बडे, खीर, भातावर तुपाची धार. डोळे पुसत ते म्हणाले, "मी का म्हनतो, खीर अजून वाढा. पोटभर जेवू द्या पोरीले."